खेकड्याचे भाऊबंद



आज आपण नातीगोती बोलणार आहोत. माणसांची नव्हे, किड्यांची. हसू नका. आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात कपाशी पुष्कळ, तसे फवारणीचे पंपही पुष्कळ. या नात्याचा त्या पंपाशी संबंध आहे.

खेकडा, विंचू, गोम, मुंगी, कोळी. यांत सारखे काय? एकाच्याही अंगात हाड नाही. हाडाचे काम बाहेरचे कवच करते. पायांना सांधे आहेत. अंग वाढते, कवच वाढत नाही. म्हणून कात टाकावी लागते. नुकती कात टाकलेला खेकडा हाताला मऊ लागतो, हे पोरेसोरेही जाणतात. बोंडअळीही अशीच कात टाकते. (साप कात टाकतो खरा, पण त्याला कणा आहे. तो या कुळातला नाही.) या कुळाला संधिपाद म्हणतात, म्हणजे सांध्याच्या पायांचे. त्यांचा मूळपुरुष ५० कोटी वर्षांच्याही आधी समुद्रात होऊन गेला.

पुढे या कुळाच्या शाखा फुटल्या. त्या ओळखायला पाय मोजावेत. कोळी, विंचू, गोचीड यांना आठ पाय. विंचवाच्या नांग्या पायांत धरू नका. मृगाच्या पावसात लाल मखमली किडा निघतो ना? त्याला आपण किडा म्हणतो, पण पाय आठ. तो कोळ्याच्या घरचा. वांग्याच्या पानामागे बसणारा बारीक लाल कोळीही त्याच घरचा. अळीचे औषध मारले तर पुष्कळदा तो मरत नाही. त्याला खाणारे किडे मात्र मरतात, आणि तो माजतो. त्याच्यासाठी कोळीनाशक वेगळे मिळते. हे वेगळे नाव दुकानदाराने उगाच काढलेले नाही.

दुसरी शाखा जबड्याची. तिच्यात गोम, वाणी, खेकडा, झिंगा आणि सहा पायांचे सर्व कीटक आले. आता सांगा, मुंगीला जवळचे कोण? गोम की खेकडा?

जुन्या पुस्तकांत गोम असे छापलेले असे. त्याला कारणही होते. दोघी जमिनीवर राहतात, अंगातल्या बारीक नळ्यांनी श्वास घेतात, दोघींना मिशांची एकच जोडी. खेकड्याला दोन जोड्या असतात. पण रूपावरून नाते ठरवणे कच्चे काम आहे. त्र्यंबकेश्वरचे उपाध्याय घराण्यांच्या वह्या ठेवतात, तशी प्रत्येक जिवाच्या अंगात वंशाची वही असते. तिच्यातल्या नोंदींना जनुके म्हणतात. २०१० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या कुळातल्या ७५ जातींची ६२ जनुके ताडून पाहिली. निकाल खेकड्याच्या बाजूने लागला. मुंगी, टोळ, माशी, बोंडअळीचा पतंग, हे सारे खेकडे-झिंग्यांच्या वंशातूनच निघालेले. पाण्यातला वाडा सोडून जमिनीवर आलेले धाकटे घराणे म्हणा. गोम या दोघांची चुलत.

आता पंपाकडे येऊ. कपाशीवरची कित्येक औषधे अळीच्या नसांवर घाला घालतात. खेकड्याच्या नसा त्याच घडणीच्या. काही औषधे अळीचे नवे कवच तयार होऊ देत नाहीत. मग कात टाकतानाच ती मरते. खेकड्याचे कवचही त्याच द्रव्याचे, आणि कात त्यालाही टाकावी लागते. मासा या कुळाचा नव्हे, तरी काही औषधे त्यालाही मारतात. मग झिंगा तर अळीचा सख्खा भाऊबंद! शेतात अळीसाठी मोजून घेतलेले औषध पंप धुताना ओढ्यात गेले, की ते त्याचे काम तिथेही करते.

म्हणून पंप ओढ्यात किंवा विहिरीपाशी धुवू नये. धुतलेले पाणी पडीक जागी, पाण्यापासून लांब टाकावे. रिकामे डबेही ओढ्यात नकोत. गंगापूर-पैठणकडचे ओढे गोदावरीला मिळतात, आणि खाली नाथसागरावर जाळे टाकून पोट भरणारी माणसे राहतात.