मुख्य वाहिनीपासून माठापर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसादाला फार उशीर करणार नाही.

डिंडोलीतले आपण बहुतेक जण खान्देशातले. धुळे, जळगाव, नंदुरबारचे. तिकडेही तापी, इकडेही तापीच. नदीचं पाणी शुद्धीकरण केंद्रात गाळतात, त्यात क्लोरीन घालतात. तिथून ते चांगलं निघतं. बिघडतं ते वाटेत.

पुरवठा चालू असताना फुटक्या जोडातून पाणी बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि बाहेरची घाण त्याच जोडातून आत शिरते. कोणी नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. आता मुख्य वाहिनीपासून आपल्या घरापर्यंतचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. जुन्या गल्ल्यांत तो पुष्कळदा गटारातूनच जातो. लोखंडी पाइप गंजतो तोही तिथंच. मोटर एकाची, गटार सगळ्यांचं आणि कावीळ तिसऱ्याच घरात!

२०१२ साली इचलकरंजीत, आपल्या सुरतेसारख्याच यंत्रमागांच्या गावात, काविळीची मोठी साथ आली. हिपॅटायटिस ईची. हा विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. धडधाकट माणूस बहुधा बरा होतो, पण गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततं. आणि आपली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते ती नेमकी त्याच महिन्यांत.

म्हणून गल्लीने वर्गणी काढून गटारातले पाइप बदलून गटाराच्या वरून घ्यावेत. गणपतीची वर्गणी जमते, मग ही का जमू नये? मोटर लावायची तर टाकीवर लावा, नळावर नको. नळाला पाणी आलं की पहिली बादली फरशीला, माठात नको. ‘आमच्याकडे आरओ आहे’ म्हणणाऱ्यांनी चूळ कोणत्या पाण्याने भरतो ते पाहावं.

मंडळाने ओटी तपासणीची एक पेटी घ्यावी. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो तक्त्याशी ताडून पाहायचा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. रंग आलाच नाही तर लेखी तक्रार द्या आणि तोवर पाणी खळखळ उकळून प्या. तपासलेलं पाणी मात्र फेकून द्या, ते पिण्याचं नाही.

आता मंडळाच्या पोरांना. मंडपाच्या खांबासाठी पहार मारता, तिथं खाली कोणाचा तरी नळ असतो. फुटला तर रबराची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. विसर्जनानंतर खड्डे बुजवायची घाईही नको. एकदा पाणी येण्याची वेळ जाऊ द्या. खालून पाणी चढलं तर माती टाकू नका, आधी प्लंबरला बोलवा.