बाबांची भट्टी आणि वाया जाणारी धग

आज कोडिंग नाही, भट्टी.

माझे बाबा तळवड्यातल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये भट्टीवर असतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी तिथून जवळच एसीत बसून भट्ट्यांच्या तापमानाचे डॅशबोर्ड बनवतो. हसा, हसा.

दिवाळीत ते म्हणाले, "एवढी धग बाहेर जाते रे, तिची वीज का नाही करत तुम्ही इंजिनिअर?" मी बीटेकच्या तोऱ्यात सांगून टाकलं, "बाबा, त्याचं मटेरियल महाग असतं." ते गप्प बसले. ते गप्प बसणं मला लागलं, म्हणून वाचायला घेतलं.

माझं उत्तर अर्धवट होतं. एक टोक गरम, एक थंड ठेवलं की व्होल्टेज मिळतं, हा सीबेकचा 1821 चा शोध. त्यासाठी नेहमी वापरतात ते बिस्मथ टेल्युराइड महाग आहेच, शिवाय भट्टीच्या तापमानाला उघड्या हवेत टिकत नाही. ऑक्साईड सिरॅमिक टिकतं. 1997 मध्ये जपानमध्ये तेरासाकींनी सोडियम कोबाल्ट ऑक्साईडचे चांगले आकडे दाखवले आणि लोक ऑक्साईडकडे वळले.

त्यातलंच एक कॅल्शियम कोबाल्टाइट. त्याचे कण चपटे, पोह्यांसारखे. वीज पोह्याच्या सपाटीने सहज जाते, आडवी नाही. पावडर नुसती दाबून भाजली तर पोहे डब्यात ओतल्यासारखे कसेही पडतात, मध्ये पोकळ्या राहतात. मग तापमान वाढवा की! तिथेच गोची आहे. 926 अंशांच्या आसपास हा पदार्थ फुटून वेगळेच ऑक्साईड होतात. म्हणून कमी तापमानाला, पण जोरात दाबत भाजतात. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगमध्ये तर ग्राफाइटच्या साच्यातून करंट सोडतात, काही मिनिटांत टिकली घट्ट होते आणि कण आडवे निजतात. रेझिस्टन्स उतरतो, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. पावडर तीच, फरक भाजण्याचा.

फुकट काहीच नाही म्हणा. त्याच दिशेने उष्णताही जास्त पळते, आणि ती पळाली की टोकांमधला फरक कमी होतो. अशा भाजलेल्या टिकल्यांचा झेडटी, म्हणजे या मटेरियलचा स्कोअर, बहुतेक वेळा एकच्या खालीच राहतो. शॉपचं वीजबिल यावर निघणार नाही. एखादा सेन्सर चालेल.

हे सगळं बाबांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे किती तापवायचं, किती दाबायचं, कधी काढायचं. हे तर आमचंच काम." मग विचारलं, "गार किती हळू करतात?"

ते मी वाचलंच नव्हतं. रविवारी त्यांच्या शॉपवर जातोय, भट्टीच्या दाराबाहेरचं तापमान मोजायला. थर्मोकपल त्यांचा, लॅपटॉप माझा.