यंत्राची पाटी आणि वही



आजच्या भाषणाचा विषय संगणकाची स्मृति हा आहे. आणि तोहि तिच्या गौरवाचा नव्हे, तर तिच्या रुसव्याचा. घरांतला संगणक मंद झाला, म्हणून कोणीं सांगितल्यावरून त्याची स्मृति वाढवावी, नवी पट्टी मोठ्या हौसेनें बसवावी, आणि कळ दाबल्यावर पंखे तर घोंघावत आहेत पण पडदा मात्र काळाठिक्कर, असा प्रसंग सांप्रत पुष्कळ घरांत ओढवतो. जुन्या अकरावीच्या पलीकडे ज्याचें शिक्षण गेलें नाहीं, अशा शाळामास्तरानें ह्या विषयांत तोंड घालावें, हें कांहींना धाडसाचें वाटेल. परंतु ह्या दुखण्याचें निदान करावयास एंजिनियरच लागतो असें नाहीं. क्रम न सोडणारी बुद्धि आणि थोडा धीर लागतो. व जन्मभर चाळीस-चाळीस मुलांच्या वह्या तपासलेल्या मनुष्यापाशीं हीं दोन्हीं थोडींफार शिल्लक असतात.

ह्या स्मृतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून रॅम म्हणतात. आमच्या जुन्या सांगवींतील एक आजोबा तिचा उच्चार 'राम' असाच करतात, आणि बंद पडलेल्या यंत्राकडे पाहून 'ह्यांत आतां राम उरला नाहीं' असें म्हणतात. निदान म्हणून तें वाक्य बहुधा बरोबरच ठरतें!

रॅम म्हणजे काय, हें शाळेच्या भाषेंत सांगतों. विद्यार्थ्यापाशीं एक पाटी असते व एक वही असते. चालू गणित पाटीवर करावयाचें आणि जपून ठेवावयाचें तें वहींत उतरावयाचें. संगणकांत रॅम ही पाटी, आणि आंतली डिस्क ही वही. पाटी लहान असली कीं मुलाला सारखें पुसून पुन्हां लिहावें लागतें. संगणक मंद होतो तो पुष्कळदां ह्यामुळेंच. म्हणून मोठी पाटी घेणें हा विचार चुकीचा नाहीं. पण लक्षांत ठेवावयाची गोष्ट ही, कीं पाटी फुटली म्हणून वही फाटत नाहीं. रॅम बिघडल्यानें यंत्र सुरू झालें नाहीं, तरी आपले जतन केलेले कागद आणि छायाचित्रें डिस्कवर जागच्या जागीं असतात. हें ठाऊक नसल्यामुळें किती घरांत निष्कारण रडारड होते आणि किती पैसा भीतीपोटीं खर्च होतो, तें मीं पाहिलें आहे.

ही पाटीहि मोठी विलक्षण आहे. हिच्यावर जणूं पाण्यानें लिहावें लागतें. प्रत्येक पट्टीवर विजेचा अतिसूक्ष्म भार सांठविणारीं घरें असतात. भार असला तर एक, नसला तर शून्य. आठ जी.बी.च्या एका पट्टींत अशीं ६,८७१ कोटींहून अधिक घरें असतात. पण तो भार सतत पाझरत असतो, म्हणून अक्षरें वाळून जाण्यापूर्वीं तीं पुन्हां गिरवावीं लागतात. साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधराहून अधिक वेळां, सारी पाटी एकदां गिरवून होते. एका ट्रान्झिस्टरच्या साह्यानें एक अक्षर धरून ठेवण्याची ही युक्ति आय.बी.एम. कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड ह्यांची. तिचें पेटंट त्यांना १९६८ सालीं मिळालें, आणि १९७० सालीं इंटेल कंपनीनें अशीच गिरवावी लागणारी '११०३' नांवाची स्मृतीची चिप बाजारांत आणली. वीज गेली कीं गिरविणारा हात थांबतो व पाटी थोड्याच वेळांत कोरी होते.

पूर्वींची स्मृति अशी विसराळू नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची स्मृति म्हणजे तारांत ओंवलेल्या फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्या. वीज गेली तरी त्या आपलें चुंबकत्व सोडीत नसत. तींत ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या मापानें अवघे दहा के.बी. आज नखाएवढ्या जाडीची जी पट्टी आपण खिशांत घालून घरीं आणतों, तिची धारणा त्या सबंध यंत्राच्या आठ लाखांहून अधिक पट असते. मग ती कधीं रुसली तर आपण इतकें कां चिडावें, असें मला वाटतें. पण तें असो.

कळ दाबल्याबरोबर संगणक प्रथम काय करतो? मदरबोर्डावरील बायोस नांवाची कायमची आज्ञावली जागी होते आणि वर्गांत शिरलेल्या मास्तराप्रमाणें हजेरी घेते. रॅमची हजेरी अगदीं आरंभीं होते, कारण पाटीवांचून पुढचें गणित मांडावयाचें कोठें? ती हजेरी लागली नाहीं तर पडद्यावर चित्र उमटविण्यापर्यंत मजलच जात नाहीं. म्हणून पडदा काळा दिसला कीं केवळ मॉनिटरवर संशय घेऊन भागत नाहीं. अशा वेळीं कांहीं यंत्रें पीं पीं असा आवाज करतात, तर कांहींवर लहानसा तांबडा दिवा लागतो. ह्या खुणा कंपनीगणिक निरनिराळ्या असतात. त्यांचा अर्थ त्या मदरबोर्डाच्या पुस्तिकेंतच पाहावा, शेजाऱ्याला विचारूं नये.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतों. आमच्या शेजारचे एक गृहस्थ भोसरीच्या एका कारखान्यांत अनेक वर्षें नोकरी करून आतां घरींच जिग आणि फिक्श्चर ह्यांचे आराखडे काढून देतात. सारा संसार त्या एका संगणकावर. त्यांत चार जी.बी.ची एक पट्टी होती. त्यांनीं आठ जी.बी.ची आणखी एक विकत आणली. भाच्यानें ती शनिवारीं सायंकाळीं बसविली आणि यंत्र मुकें झालें. दुकानदारानें दूरध्वनीवरच निकाल दिला, 'मदरबोर्ड गेला, नऊ हजार रुपये पडतील.' सोमवारीं सकाळीं चाकणच्या एका कारखान्याला आराखडे द्यावयाचे होते. ते न गेल्यास तें काम दुसऱ्याकडे जाणार, हें उघड होतें. पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारी त्यांची कन्या मला बोलवावयास आली ती डोळे पुशीतच. "गुरुजी, बाबांचे सगळे आराखडे गेले का हो?" मीं तिला पाटी आणि वही समजावून सांगितली व विजेरी घेऊन चल म्हटलें.

प्रथम आम्हीं संगणकाची पिन भिंतींतून काढली. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. आंत वीज उरते. पिन काढल्यावर सुरू करण्याची कळ दहा सेकंद दाबून धरली, म्हणजे उरलीसुरली वीज निघून गेली. मग पेटीच्या उघड्या धातूला हात लावला. आपल्या अंगावरील स्थिर विजेची ठिणगी आपणांस कळतहि नाहीं, पण त्या सूक्ष्म घरांना ती पुरते. कोरड्या थंडींत, लोकरीचे कपडे अंगावर असतां, ही काळजी विशेष घ्यावी.

नंतर दोन्हीं पट्ट्यांवरील कागद वाचले. दोन्हीं डी.डी.आर.-४ जातीच्याच होत्या. हें आधीं पाहावें लागतें, कारण डी.डी.आर.-३, ४ आणि ५ ह्या तिन्हीं जातींच्या पट्ट्यांची खांच निरनिराळ्या जागीं असते व एकीच्या स्लॉटांत दुसरी बसत नाहीं. बसत नसेल तर जोर करूं नये. तो निर्मात्यानें मुद्दाम घातलेला अडसर आहे.

पुढें आम्हीं नवी पट्टी काढून घेतली आणि जुनी एकटी ठेवून यंत्र सुरू केलें. तरीहि पडदा काळाच! त्या क्षणीं गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काल चालत होतें तेंहि आज चालेना, तेव्हां दुकानदाराचें म्हणणेंच खरें असावें, असें त्यांना वाटूं लागलें. नवशिक्याची वाट चुकते ती बहुधा येथेंच. मीं भाच्याला विचारलें, "तूं जुन्या पट्टीला हात लावला होतास का?" तो म्हणाला, "फक्त नांव वाचायला काढली होती, मग लगेच बसवली." विजेरी धरून पाहिलें, तों एका टोकाची कडी अर्धवट उघडीच. पट्टी दिसावयास सरळ होती. पण एका बाजूनें केसभर वर राहिलेली. दोन्हीं अंगठ्यांनीं दोन्हीं टोकांवर सारखा दाब दिला, टक् असा आवाज झाला आणि कडी आपोआप मिटली. कांहीं मदरबोर्डांवर एकाच टोकाला कडी असते. तेथें दुसऱ्या टोकाकडे अधिक लक्ष द्यावें. ह्या वेळीं पडदा उजळला. गृहस्थांनीं 'जमलें!' म्हणून नवी पट्टी उचलली. मीं त्यांचा हात धरला. यंत्र चालू आहे तोंवर आराखडे पेनड्राइव्हवर उतरून घ्यावयास सांगितलें. वहीची प्रत करण्याची संधि कोणीं सोडूं नये.

एवढ्यानें मूळ प्रश्न सुटला नव्हता. पट्ट्या दोन, स्लॉट दोन. म्हणजे एकट्या पट्टीचे प्रयोग चार. मुलीनें तसा चौकोन कागदावर आंखला. जुनी पट्टी पहिल्या स्लॉटांत चालली. प्रत्येक वेळीं पिन काढून, नवी पट्टी पहिल्या स्लॉटांत लावली, तीहि चालली. म्हणजे दुकानांतून आणलेला माल निर्दोष. मग तीच नवी पट्टी दुसऱ्या स्लॉटांत लावली, यंत्र मुकें. जुनी पट्टी दुसऱ्यांत लावली, पुन्हां मुकें. दोन्हीं पट्ट्या जेथें रुसतात आणि शेजारीं मात्र चालतात, तेथें दोष पट्टीचा नसून जागेचा, हें त्या मुलीनेंच सांगितलें. तिच्या वडिलांच्या लक्षांत तें क्षणभरानें आलें.

दुसरा स्लॉट यंत्र घेतल्यापासून रिकामाच होता. आमची सांगवी मुळा व पवना ह्या नद्यांच्या मध्यें. पावसाळ्यांत हवा दमट आणि एरवीं नव्या इमारतींची धूळ. विजेरीच्या उजेडांत त्या अरुंद खोबणींत धुळीची एक लांबट वात बसलेली दिसली. तोंडानें फुंकर घालूं नये, कारण तिजबरोबर थुंकीचे तुषार जातात. आम्हीं कोरडा मऊ ब्रश आणि रबरी हातपंपाची हवा वापरली. पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबरानें घासण्याची पद्धत सर्रास आहे, व तिनें पुष्कळदां गुणहि येतो. पण रबराचा चुरा स्लॉटांत पडतो आणि सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. त्यापेक्षां न सुटणाऱ्या तंतूंच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावें आणि पूर्ण वाळूं द्यावें. हातांना चोळण्याचें सॅनिटायझर मात्र वापरूं नये. त्यांत पाणी व बहुधा ग्लिसरीन असतें.

साफसफाईनंतर नवी पट्टी दुसऱ्या स्लॉटांत एकटी चालली, आणि मग दोन्हीं मिळूनहि चालल्या. पडद्यावर बारा जी.बी.चा आंकडा आला. दोष एकाच वेळीं दोन होते, अर्धवट बसलेली जुनी पट्टी आणि धुळीचा स्लॉट. म्हणूनच एकेका प्रयोगाची साक्ष खोटी वाटत होती. जुन्या पट्टीची गति २४०० आणि नवीची ३२०० होती. जोडीनें चालतांना दोघी २४०० च्याच गतीनें चालूं लागल्या. बैलजोडींतील वेगवान बैलाला दुसऱ्याच्या चालीनें चालावें लागतें, तसें हें आहे. तो बिघाड नव्हे.

नुसतें सुरू झालें म्हणजे झालें असें मात्र नाहीं. एखादें सदोष घर आरंभीं गप्प राहून ऐन कामांत दगा देतें. म्हणून त्या रात्रीं आम्हीं 'मेमटेस्ट८६+' ही विनामूल्य परीक्षक आज्ञावली चालूं ठेवली. ती साऱ्या घरांत निरनिराळे नमुने लिहून पुन्हां वाचून पाहते. सकाळीं चुकांच्या रकान्यांत शून्य होतें. सोमवारीं आराखडे चाकणला गेले व नऊ हजार रुपये घरांत राहिले. भाच्याला कोणीं बोल लावला नाहीं, हें मला फार बरें वाटलें.

ह्या घरीं लागले नाहींत असे दोन-तीन उपाय उरतात. पट्ट्या व स्लॉट निर्दोष असूनहि यंत्र सुरू होत नसेल, तर बायोसच्या ध्यानांतील जुन्या नोंदी पुसून पाहाव्या. त्यासाठीं पिन काढून मदरबोर्डावरील बटणासारखी सी.आर. २०३२ बॅटरी कांहीं मिनिटें बाहेर ठेवावी. मात्र तारीख-वेळ पुन्हां लावावी लागते. चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डावर पट्टी वाटेल तेथें न बसवितां पुस्तिकेंत सांगितलेल्या स्लॉटांत बसवावी; पुष्कळदां तो प्रोसेसरपासून मोजतां दुसरा असतो. जुन्या बायोसला मोठी पट्टी ओळखतां येत नाहीं असेंहि घडतें. तेव्हां जुनी पट्टी लावून आधीं बायोसची नवी आवृत्ति चढवावी, व तें चालू असतां वीज जाणार नाहीं अशी तजवीज करावी. डी.डी.आर.-५ जातीचें नवें यंत्र प्रथम सुरू होतांना पट्टीची ओळख करून घेण्यांत कांहीं मिनिटें घालवतें, आणि तोंवर पडदा काळा राहतो. घाबरून कळ दाबली तर तें बिचारें पुन्हां पहिल्यापासून आरंभ करतें. आणि ज्यांच्यापाशीं लॅपटॉप आहे त्यांनीं पट्टी विकत घेण्यापूर्वींच त्याची पुस्तिका पाहावी, कारण हल्लींच्या कित्येक पातळ लॅपटॉपांत स्मृति मदरबोर्डालाच डाख देऊन जोडलेली असते आणि नवी पट्टी बसविण्यास जागाच नसते.