पुन्हा विद्यार्थिनी होताना
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



रायपूर आणि भिलाई यांच्या मधोमध असलेले कुम्हारी हे आता माझे गाव. एका बाजूस रायपूरचे एम्स, दुसऱ्या बाजूस भिलाईच्या पोलाद कारखान्याचे मोठे रुग्णालय. तरीही माझ्या ओळखीच्या कित्येक परिचारिका पदविकेनंतर नोकरी आणि संसार यांतच थांबल्या. मीही त्यांतलीच एक. सतरा वर्षांच्या सेवेनंतर यंदा मी दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर देण्यास या शाळेइतके योग्य स्थान दुसरे नाही.

हा प्रश्न नवा नाही. रमाबाई रानडे अक्षरे शिकल्या त्या विवाहानंतर, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून. पुढे १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि प्रौढ, विवाहित व विधवा स्त्रियांना शिक्षणाची दारे उघडली. परिचर्येचे काम हलके मानले जाण्याच्या त्या काळात त्यांनी ससून रुग्णालयात स्त्रियांच्या प्रशिक्षणाची सोय केली. त्यांच्यासाठी वसतिगृहही चालविले. नुसता उपदेश करून त्या थांबल्या नाहीत. शिकणाऱ्या बाईला राहायला जागा लागते, वेळ लागतो, पाठीशी माणसे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी शंका भाषेची. पदवीचा अभ्यास इंग्रजीत, मी मराठी शाळेची. आणि माझे रुग्ण ‘मूड़ पिरात हे’ म्हणत छत्तीसगढीत डोकेदुखी सांगणारे. परंतु रोहिणी रक्त हृदयापासून दूर नेते आणि नीला ते परत आणते, हे मला याच शाळेत मराठीतून उमगले. पुढे इंग्रजी नावे पाठ करावी लागली. रक्ताभिसरण पुन्हा समजून घ्यावे लागले नाही. मातृभाषेत पक्के झालेले ज्ञान दुसऱ्या भाषेत आपल्याबरोबर येते. रुग्णाचे दुखणे त्याच्याच बोलीत ऐकून घेण्याचा धीरही त्यातूनच येतो.

मग अडते कोठे? बुद्धीपाशी किंवा वयापाशी नव्हे. रात्रपाळी करून आलेल्या बाईने स्वयंपाकही करावा आणि परीक्षेलाही बसावे, या अपेक्षेपाशी अडते. आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक आता माझे यजमान करतात आणि धाकटीचा अभ्यास सासूबाई घेतात. शुल्काच्या पैशांपेक्षा मला हे दोन तास अधिक मोलाचे वाटतात. या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षणाची वाट मोकळी होते. नव्या परिचारिकांना शिकविण्याची माझी इच्छा आहे. ती पूर्ण झाली, तर त्यात या दोन तासांचा वाटा असेल.

म्हणून आज माझी एकच विनंती आहे. आपल्या घरातील एखादी सून, बहीण अथवा पत्नी पुन्हा शिकू म्हणाली, तर तिला शाबासकी जरूर द्या. पण त्याआधी तिच्या दिवसातले एक काम आपल्याकडे घ्या.