वेबसाइटचा सातबारा आपल्या नावावर

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मुंबई उपनगरातील महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांच्या भाषणाचा मजकूर सभेला येऊ न शकलेल्या गटांसाठी येथे देत आहोत. गटाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा आणि शेवटचे मुद्दे वहीत उतरवून घ्यावेत.)



मी मुलुंडला राहते आणि घाटकोपरच्या बाजूला एका कॉलेजात मार्केटिंग शिकवते. माहेर शहापूर तालुक्यातलं. माझी आई तिथल्या बचत गटात होती. गटाची पेटी आमच्या घरी असायची आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. लहानपणी मला प्रश्न पडायचा, पेटी एकीकडे तर किल्ली दुसरीकडे कशाला? आई म्हणायची, "पैसा सगळ्यांचा आहे ना, मग एकीच्याच हातात कसा ठेवायचा?" आज मी जे सांगणार आहे ते याच पेटी-किल्लीबद्दल आहे. फक्त ही पेटी मोबाइलमध्ये असते.

मला विषय दिलाय तो असा: कॉलेजची मुलं संस्थांना वेबसाइट सुधारून देतात, लोक तिथे यावेत म्हणून मदत करतात, त्याचा आपल्याला उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. पण आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

काही वर्षांपूर्वी मुरबाड भागातल्या महिलांची एक संस्था आमच्या कॉलेजकडे आली. नाचणीचे पापड, कुरडया, मसाला आणि दिवाळीचा फराळ करायच्या. एसटीने कल्याणला यायचं, तिथून लोकलने मुलुंड, भांडुप, घाटकोपरला माल पोचवायचा. शहरातलं गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, तुमची वेबसाइट आहे का?" यांची होती, पण कुणीतरी कधीतरी केलेली, अर्धवट. मी चार मुलांची टीम दिली. पोरं हुशार. रात्र रात्र जागून त्यांनी वेबसाइट नवी कोरी केली.

दाखवायला आम्ही संस्थेत गेलो. पहिल्याच पानावर मोठा फोटो, घागरा-ओढणीतल्या बायका डोक्यावर मडकी घेऊन चालल्यात. एक आजी पुढे वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "या बाया कोणाच्या? आमच्यात तर अशी कोणी नाही." सगळ्या हसल्या. मुलांनी फोटो इंटरनेटवरून घेतला होता. सगळा मजकूर इंग्रजीत. 'महिला सक्षमीकरण' हा शब्द चारदा होता, पण पापड कुठे मिळतो, केवढ्याला मिळतो, फोन कोणाला करायचा, हे कुठेच नव्हतं. मुलांचा दोष नव्हता. आम्ही त्यांना बायकांबरोबर बसवलंच नव्हतं.

मग बसवलं. दोन दिवस मुलं तिथेच राहिली. पापड लाटताना फोटो काढले, ज्यांचा फोटो त्यांना विचारून काढले. आजींनी सांगितलं ते मराठीत लिहिलं: नाचणी कुठली, किती दिवस टिकतो, किती पाकिटं घेतली तर घरपोच. खाली तेच इंग्रजीत. वेबसाइट खरी झाली.

आता पुढचा प्रश्न. वेबसाइट आहे, पण तिथे येणार कोण? आडरानात दुकान मांडलं तर गिऱ्हाईक वाट कशी शोधणार? इथे मुलांचं शिक्षण कामाला येतं. गूगल कंपनीने 2008 साली जगभरच्या कॉलेजांसाठी एक स्पर्धा सुरू केली होती, गूगल ऑनलाइन मार्केटिंग चॅलेंज. मुलांच्या टीमने एखादा खरा व्यवसाय किंवा संस्था निवडायची आणि तीन आठवडे तिच्या जाहिराती गूगलवर चालवून दाखवायच्या. पुढे हा प्रकार सेवाभावी संस्थांसाठीच्या योजनेशी जोडला गेला. त्या योजनेचं नाव गूगल अ‍ॅड ग्रँट्स. ती 2003 पासून आहे. पात्र संस्थेला महिन्याला 10,000 डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट मिळतात.

आकडा ऐकून डोळे मोठे करू नका. हा पैसा हातात येत नाही, बँकेतही येत नाही. कुणी गूगलवर काही शोधलं की वर आपल्या संस्थेच्या दोन ओळी दिसतात, एवढंच. फोटो नाही, नुसती अक्षरं. आणि ही सोय नोंदणीकृत, नफ्यासाठी नसलेल्या संस्थेला आहे. साध्या बचत गटाला ती मिळत नाही, पण महासंघाची तशी नोंदणी असेल तर अर्ज करता येतो. अर्जाला फी नाही. "ग्रँट मिळवून देतो, पाच हजार द्या" असं म्हणत कोणी दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मुरबाडच्या त्या संस्थेला ही ग्रँट मिळाली. मुलांनी 'पापड' या शब्दावर जाहिरात लावली. वेबसाइटवर माणसांची रीघ लागली. मुलं खूश, मी खूश. मी संस्थेच्या सचिव ताईंना अभिमानाने आकडे दाखवले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, मग फोन का वाजत नाही?"

आम्ही शोधलं तेव्हा कळलं, येणाऱ्यांना पापड विकत घ्यायचाच नव्हता. कोणी पापडाची रेसिपी शोधत होतं, कोणी पापडाचं मशीन. काही लोक तर दुसऱ्या राज्यातले. जत्रेत गर्दी झाली म्हणून आपल्या स्टॉलवर विक्री होतेच असं नाही, तसंच हे. मग मुलांनी शब्द बदलले. 'नाचणी पापड घरपोच', 'घरगुती दिवाळी फराळ मुलुंड', 'लग्नासाठी रुखवताचे पदार्थ'. जाहिरात फक्त ठाणे, मुलुंड, भांडुप, घाटकोपर, बोरिवली इथल्या लोकांनाच दिसेल असं केलं. वेबसाइटवर येणारे कमी झाले आणि फोन वाजायला लागले. ताईंनी वही घातली: फोन आला, कुठून आला, ऑर्डर किती. ती वही माझ्या सगळ्या आलेखांपेक्षा उपयोगाची ठरली. या योजनेचा एक नियमही तेच शिकवतो. शंभर वेळा जाहिरात दिसली तर निदान पाच वेळा लोकांनी ती दाबायला हवी. म्हणजे भलत्याच माणसाला हाक मारून उपयोग नाही.

आता खरी चूक. ती माझी होती.

वेबसाइटचं एक नाव असतं, त्याला डोमेन म्हणतात. ते कायमचं विकत मिळत नाही. भाड्याच्या गाळ्यासारखं ते मुदतीवर घ्यायचं आणि मुदत संपली की नूतनीकरण करायचं. खर्च मोठा नसतो, साध्या नावाला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास. आमच्या टीममधल्या एका मुलाने ते स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर घेतलं होतं. त्या वेळी सोयीचं होतं. मीही काही बोलले नाही. पुढे मुलगा पास झाला, नोकरीला बंगळूरला गेला, नंबर बदलला, जुना ईमेल बघायचा बंद झाला. मुदत संपल्याची पत्रं त्या जुन्या ईमेलवर येऊन पडत राहिली.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आणि वेबसाइट बंद पडली.

पाकिटांवर तेच नाव छापलेलं. प्रदर्शनाच्या बॅनरवर तेच नाव. आणि बायकांनी गटातून कर्ज काढून बेसन, तूप, साखर भरून ठेवलेली. गिऱ्हाईक नाव टाकायचं आणि समोर काहीच उघडायचं नाही. लोकांना वाटलं, संस्था बंद झाली. त्या मुलाचं घर भांडुपला होतं. मी जाऊन त्याच्या आईकडून नवा नंबर घेतला. पोरगं बिचारं रडकुंडीला आलं, लगेच पैसे भरले. आमचं नशीब की मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे असतात. तेही संपले की परत मिळवायला जास्त पैसे लागतात, आणि शेवटी ते नाव कुणीही घेऊ शकतो. आमची वेबसाइट वाचली, पण तोवर ऑर्डरींचे दिवस निघून गेले. बराचसा फराळ कल्याणला व्यापाऱ्याला पडत्या भावात द्यावा लागला. त्या महिन्यात काही जणींचे हप्ते थकले. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

बहिणींनो, सातबारा म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. जमीन बाई कसते आणि नाव दुसऱ्याचं, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघितलं. शासनाने 1992 साली लक्ष्मी मुक्ती योजना आणली, नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची. त्यासाठीही अर्ज करावा लागतो, आपोआप नाव लागत नाही. वेबसाइटचंही तसंच आहे. मेहनत आपली, माल आपला, आणि सातबारा एका विद्यार्थ्याच्या नावावर. तो मुलगा चांगला होता म्हणून निभावलं. पण दरवेळी माणूस चांगला निघेल या भरवशावर संस्था चालवायची नसते.

म्हणून मी तुम्हाला मुलांची मदत घेऊ नका असं अजिबात सांगत नाही. जरूर घ्या. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, 24 सप्टेंबर 1969 ला 37 विद्यापीठांत सुरू झाली. आज तिच्यात नाव घातलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास समाजकार्य करायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात तर क्षेत्रकार्य आणि समाजसहभाग यांना गुण आहेत. म्हणजे मुलांनाही तुमची गरज आहे. ते उपकार करत नाहीत, शिकत असतात. जवळच्या कॉलेजात जा, एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा, महासंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या.

फक्त वेळ बघून जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मुलांच्या परीक्षा असतात. आणि आपल्या फराळाचा, पापडाचा हंगाम नेमका तेव्हाच. म्हणून जून-जुलैत कॉलेज सुरू झालं की लगेच काम सुरू करा आणि गणपतीच्या आत उरका. दिवाळीला वेबसाइट तुमच्याच हातात चालू असली पाहिजे.

टीम आली की आधी तिला चहा द्या आणि मग हे सांगा. बैठकीत ठराव करूनच सांगा.

एक. महासंघाचा स्वतःचा ईमेल हवा आणि महासंघाचा स्वतःचा मोबाइल नंबर हवा. डोमेन, वेबसाइट, जाहिरातीचं खातं, गूगलच्या नकाशावरची नोंद, सगळं त्यावरच. अध्यक्ष बदलल्या तरी नंबर बदलायचा नाही.

दोन. डोमेनचे पैसे महासंघाच्या खात्यातून द्यायचे, पावती महासंघाच्या नावाची. मुदत कधी संपते ती तारीख वहीत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर. महिनाभर आधी बैठकीत विषय घ्यायचा.

तीन. पासवर्ड प्रोसिडिंग बुकात लिहू नका. तो बंद पाकिटात, कपाटात, आणि पाकिटावर तिघींच्या सह्या. निदान दोघींना तो वापरता आला पाहिजे. टीमचं काम संपलं त्याच दिवशी मुलांच्या देखत पासवर्ड बदला. मुलं रागवत नाहीत. त्यांनाही जबाबदारीतून मोकळं व्हायचं असतं.

चार. फोटो आपलेच, आणि जिचा फोटो तिची परवानगी. बायकांचे घरचे नंबर, आधार, पासबुक यातलं काहीही वेबसाइटवर नको.

पाच. वेबसाइट कशासाठी हे एका वाक्यात ठरवा. ऑर्डर हवी, की देणगीदार, की आपलं काम लोकांना कळायला हवं? जे ठरेल ते पहिल्या पानावर. पान साध्या मोबाइलवर, एसटी स्टँडवरच्या नेटवर्कला उघडतं का, ते मुलांसमोर उघडून बघा.

सहा. किती लोक आले हे मुलं सांगतील. फोन किती आले आणि माल किती गेला हे तुमची वही सांगेल. दोन्ही शेजारी ठेवून महिन्याला एकदा बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम चालू असताना दोन जणींनी मुलांच्या शेजारी बसायचं. भाव बदलणं, फोटो टाकणं, 'माल संपला' असं लिहिणं, एवढं तरी स्वतःच्या हाताने करून बघायचं. "आम्हाला काय कळतंय त्यातलं" असं म्हणू नका. तेच वाक्य माझी आई बँकेत पहिल्यांदा जाताना म्हणाली होती. पुढे तिच्याच सहीने गटाचे चेक वटायचे.

मुरबाडच्या त्या संस्थेची वेबसाइट आज दोन ताई चालवतात. एक आठवी शिकलेली आहे, दुसरी त्या आजींची नात. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा नवी टीम आली होती. एका विद्यार्थ्याने विचारलं, "मी माझ्या नंबरवर खातं उघडू का, पटकन होईल." आठवी शिकलेल्या ताई म्हणाल्या, "नको रे बाळा. पटकन नको. आमच्या नंबरवर कर, ओटीपी मी सांगते."

मी मागे बसून ऐकत होते. मला त्या दिवशी बरं वाटलं.