टॅली न होणारी पेटी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला ‘माझा छंद’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. जुन्या सभासदांना मी वेगळ्याच कारणासाठी आठवत असेन. पहिल्या वर्षी मी खजिनदार होतो आणि ताळेबंदात दीड रुपयाचा फरक आला. मी तीन रात्री कमिटीला बसवून ठेवलं. शेवटी एकाने दोन रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “साहेब, वरचे पन्नास पैसे तुम्हाला बक्षीस.” मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही!

ही सवय बँकेतली. कॉम्प्युटर यायच्या आधी लेजर जुळवायला बसलं की फरक रुपयाचा असो की लाखाचा, सापडेपर्यंत उठायचं नाही. फरकाला नवाने भाग गेला तर आकडे उलटे पडलेत असं समजायचं, ६३ चे ३६. नाहीतर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, नावेची जमेला गेली असेल. बँकेत ते योग्यच होतं, पैसा लोकांचा असतो. पण मी ते घरी घेऊन आलो.

निवृत्तीनंतर पेटी घेतली. लहानपणी गावच्या देवळात ऐकलेली, तेव्हापासूनची हौस. एक वही घातली. तारीख, रियाजाची वेळ आणि लाल शाईत चुका. सौ. म्हणायची, “अहो, वाजवताय की ऑडिट करताय?” चुका शून्यावर आल्याशिवाय कोणासमोर वाजवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मध्यंतरी एक सूर चिकटला म्हणून पेटी दुरुस्तीला नेली. मी कारागिराला म्हटलं, सगळे सूर अगदी बिनचूक लावून द्या. तो हसला. म्हणाला, “काका, पेटी बिनचूक लागतच नाही.”

घरी येऊन वाचलं आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सा पासून पंचम दीडपट. पंचमाचा पंचम पुन्हा दीडपट. असं बारा वेळा गेलं की फिरून सा वर यायला हवं. दीडला दीडने गुणत बारा पायऱ्या गेलो, उत्तर आलं १२९.७४६. आणि सात सप्तकं वर म्हणजे दोनाला दोनाने गुणत सात पायऱ्या, १२८. फरक! हा फरक शोधून सापडणारा नव्हे, तो निसर्गातच आहे. मग करतात काय, तर तो बारा सुरांमध्ये थोडा थोडा वाटून टाकतात. पंचमाला जेमतेम कळतं. गांधार मात्र चांगलाच चढा राहतो. मुळात हे वाद्य युरोपातलं. आपल्या गाण्यातली मींडही त्यावर निघत नाही. अशाच कारणांवरून १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली. त्याच पेटीला गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी मैफलीत मान मिळवून दिला. मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. ज्या वाद्यावर मी चुका मोजत होतो, ते स्वतःच टॅली नव्हतं.

पण एवढं कळून सुधारलो असं नाही. खरं सांगायचं ते पुढेच आहे.

आपल्या महिला भजनी मंडळाची पेटी वाजवणारे गृहस्थ मुलाकडे बेंगळुरूला गेले. सौ.ने मला विचारलं. मी म्हटलं, अजून हात बसला नाही. अशी चार वर्षं गेली. बायका मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर गात होत्या. मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ आजी लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, “काय साहेब, झाली का पेटी तयार?” मी म्हणायचो, “पुढच्या आषाढीला नक्की.” त्या पुढच्या आषाढीआधीच गेल्या.

तेराव्याला त्यांच्या घरी भजन होतं. सौ. मला काहीच म्हणाली नाही. ती चपला घालत होती, मी पेटी उचलली आणि मागोमाग गेलो.

तिथे फजिती झाली. मी चार वर्षं काळी एकमध्ये घासलं होतं, बायका गातात काळी चारमध्ये. पट्टी बदलली की बोटांची सगळी घरं बदलतात. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती, कारण मी कधी त्यांच्यात जाऊन बसलोच नव्हतो. पहिला अभंग निम्मा चुकला. कोणी थांबलं नाही. टाळ चालू होते, त्या आवाजात मला ओढत नेलं. शेवटच्या गजराला भात्यावरचा हात आपोआप चालू लागला. घरी आल्यावर मी पट्टीबद्दल तक्रार केली, तर सौ. म्हणाली, “विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

त्याला आता तीन वर्षं होतील. दर गुरुवारी पाच वाजता याच सभागृहात मी असतो. चुका होतात, द्रुत लयीत तर हमखास. परवा एका छोट्या मुलीने विचारलं, “आजोबा, तुम्ही मधेच वेगळंच का वाजवता?” मी म्हटलं, तेवढं माझं स्वतःचं आहे.

आजींना पेटी ऐकवायची राहिली. तो फरक कोणत्या खात्यात टाकायचा, ते मला कळलेलं नाही.

चुकांची ती वही मी बंद केली. उरलेल्या पानांवर सौ. आता भजनांची यादी लिहिते. तिच्या यादीत सातनंतर एकदम नऊ नंबर आहे. मी तो पाहिलाय, दुरुस्त केलेला नाही.