ऐकलं एक, लिहिलं एक

बोईसरला उतरून तारापूर गाठलं, की खाडीपलीकडे चिंचणी. नावातली चिंच पोरासोरांनाही कळते. केळव्यातली केळ तशीच. पण नाव लिहायला बसणारा दुसऱ्या भाषेचा असला, की गंमत सुरू होते.

याच चिंचणीत १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या राज्यात तेव्हा संयानचा, म्हणजे आजच्या संजाणचा, कारभार एका अरब अधिकाऱ्याकडे होता. प्रवाह ओलांडायला फुकटची होडी, अन्नछत्रात साळीचा भात आणि तूप, अशी त्याची कामं त्यात नोंदली आहेत. देवीच्या मठाला दान दिलं, तेही. आणि ताम्रपटात त्याचं नाव काय, तर ‘मधुमती’! अभ्यासक म्हणतात, हा मुहम्मद. लेखनिकाने आवाज पकडला आणि वर मध ओतला.

जपान्यांनी तर गावंच्या गावं अशी लिहिली. कांजी, म्हणजे आपली भाताची नव्हे, चिनी वळणाची अक्षरं. त्यांना आवाजही असतो आणि अर्थही. ७१३ साली तिथल्या दरबाराने हुकूमच काढला, की गावा-प्रांतांची नावं शुभ अक्षरांत लिहा. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी ऐनू. त्यांच्या भाषेला लिपी नव्हती. सप्पोरो हे नाव त्यांचं, कोरड्या पडणाऱ्या मोठ्या नदीवरून आलेलं असं सांगतात. जपान्यांनी त्या आवाजाला दोन कांजी अक्षरं जुळवली. एकाचा अर्थ चिठ्ठी, दुसऱ्याचा कनात. आता अक्षरं लावत बसलात तर नदी हाती लागायची नाही.

डहाणूचं मूळ ‘धेनुग्राम’ असं कुणी सांगितलं, की मला ही चिठ्ठी-कनात आठवते. संस्कृत चढवलं की नावाला इभ्रत येते ना! वारल्यांचे पाडे त्या मानाने सुटले. त्यांची नावं बरीचशी तोंडातच राहिली. तिथं कागद उलगडू नये, म्हाताऱ्या माणसाला विचारावं. तो ओहोळ दाखवतो, झाड दाखवतो. झाड तुटलं असेल तर ते होतं ती जागा दाखवतो.

आणि जागाच गेली तर? तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्याची गावं उठवली. लोक दुसरीकडे वसले. त्या वसाहतींनाही सगळे पोफरण आणि अक्करपट्टीच म्हणतात.